नकाराची चिकित्सा

मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागातून मनोविकार विभागाकडे ज्या चिठ्ठ्या जातात त्यांत एक चिठ्ठी वारंवार आढळते, आणि शहर कोणतेही असो, तिचा मजकूर जवळजवळ ठरलेला असतो: रुग्ण शस्त्रक्रियेस नकार देत आहे, तरी कृपया तपासून तो संमती देण्यास मानसिकदृष्ट्या समर्थ आहे किंवा नाही याचा दाखला द्यावा. ही चिठ्ठी लिहिणाऱ्या तरुण निवासी डॉक्टराच्या मागे त्या वेळी आणखी दहा कामे लागलेली असतात, शस्त्रक्रियागृहाची वेळ मुक्रर झालेली असते, नातेवाईक दाराशी ताटकळत असतात. त्यामुळे जो रुग्ण मुकाट्याने 'होय' म्हणून कागदावर अंगठा उमटवतो त्याच्याविषयी असा 'रेफरन्स' आपण कधीच पाठवत नाही, त्याला काय समजले आणि काय नाही याची चौकशी कोणी करीत नाही, ही गोष्ट ध्यानात येण्याइतकी उसंत त्या डॉक्टराला नसते. रुग्णाचे मन तपासण्याची गरज त्याच्या नकारापासूनच भासू लागते.

वस्तुतः या चिठ्ठीत दोन निरनिराळे प्रश्न एकाच वाक्यात बांधलेले असतात. या माणसाचे मन, या घटकेला आणि या एका निर्णयापुरते, समजून-उमजून नाही म्हणण्याच्या अवस्थेत आहे काय, हा पहिला. आणि ते तसे असेल तर त्याच्या नकाराचा मान आपण कोठवर राखावा, नसेल तर त्याच्या वतीने कोणी व कशाच्या आधारे ठरवावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मनोविकारशास्त्राच्या अखत्यारीत येते. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही तपासणीतून निघत नाही, तो कर्तव्याकर्तव्याचा विचार आहे. आजवर ही दोन शिक्षणे निरनिराळ्या दालनांत दिली गेली, मनोविकारशास्त्र वॉर्डात आणि नीतिविचार, जेथे तो मुळात शिकवला जातो तेथे, व्याख्यानगृहात. आणि म्हणून दोन्ही विषयांत उत्तीर्ण झालेला डॉक्टरसुद्धा खाटेजवळ उभा राहिला म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. रुग्णालयातील मनोविकारचिकित्सेचे आणि उपचारनीतीचे शिक्षण एकाच खाटेजवळ, एकाच वेळी व्हावे, असे जे आता जाणती मंडळी म्हणू लागली आहेत त्यामागील निकड समजून घ्यावयाची तर अमेरिकेतील टेक्सस राज्यात घडलेल्या एका प्रसंगाकडे वळावे लागते.

जुलै १९७३ मध्ये डोनाल्ड कावर्ट नावाचा, हवाई दलात वैमानिक म्हणून काम केलेला पंचविशीतला तरुण आपल्या वडिलांबरोबर एक जमीन पाहावयास गेला होता. जवळच्या नळातून गळलेला प्रोपेन वायू त्या सखल जागेत साचला होता, आणि मोटार सुरू करताच ठिणगी पडून सारा परिसर पेटला. वडील रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच गेले. मुलाचे सुमारे दोन-तृतीयांश अंग भाजले, दृष्टी गेली, हातांची बोटे गेली. आणि मदतीला धावून आलेल्या शेतकऱ्याकडे त्याने पहिली मागणी केली ती पिस्तुलाची. पुढे वर्षाहून अधिक काळ त्याच्यावर उपचार झाले. उघड्या जखमांनिशी त्याला रोज जंतुनाशक द्रावणाच्या टाकीत उतरवीत, पट्ट्या बदलीत, आणि तो रोज सांगत राही की मला हे नको, मला घरी जाऊन मरू द्या. संमतिपत्रांवर सह्या होत त्या त्याच्या आईच्या. मुलगा शुद्धीवर होता, बोलत होता, प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तरे देत होता; तरीही त्याच्या शब्दाला त्या कागदावर जागा नव्हती.

१९७४ साली गॅल्व्हस्टन येथील विद्यापीठ रुग्णालयात त्याच्या डॉक्टरांनी डॉ. रॉबर्ट व्हाइट या मनोविकारतज्ज्ञाला पाचारण केले. इतक्या निग्रहाने मरण मागणाऱ्या माणसाचे मन ठिकाणावर नसणार, निदान त्याला खोल विषण्णतेचा विकार जडला असणार, असा सर्वांचा कयास होता, आणि तसा दाखला मिळाला असता तर सर्वांचीच अडचण दूर झाली असती. व्हाइट यांनी अनेक वेळा त्याच्याशी बोलून असा निर्वाळा दिला की हा माणूस बुद्धीने शाबूत आहे, त्याला आपली स्थिती पूर्ण कळते आणि त्याचा नकार हा विकाराचा परिणाम नाही. दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञाचे मतही तेच पडले. कावर्टच्या संमतीने व्हाइट यांनी त्या संभाषणाचे चित्रण केले, आणि 'प्लीज लेट मी डाय' या नावाने ते पुढे अनेक दशके वैद्यकीय महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांना दाखवले गेले. उपचार मात्र त्या निर्वाळ्याने थांबले नाहीत. कावर्ट जगला, नाव बदलून डॅक्स झाला, १९८६ साली कायद्याची पदवी घेऊन वकिली करू लागला, आणि २०१९ मध्ये निवर्तला. आपले पुढचे आयुष्य समाधानाचे झाले हे तो मोकळेपणाने सांगे, आणि त्या काळी माझ्यावर लादलेले उपचार अन्यायाचे होते हेही तितक्याच ठामपणे अखेरपर्यंत सांगत राहिला. या दोन विधानांत विसंगती आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ते चित्रण पुन्हा पाहावे. मला तरी ती दोन्ही विधाने एकाच प्रामाणिक माणसाची वाटतात.

या प्रसंगात मनोविकारतज्ज्ञ कोठे चुकला नाही. त्याने आपले काम चोख केले, आणि अडचणीच्या वेळी सोयीचा दाखला देण्याचे नाकारले, जे करण्यास मोठे धैर्य लागते. परंतु रुग्ण समर्थ आहे असे ठरल्यावर पुढे काय, हा दुसरा प्रश्न हाती घेण्यास त्या रुग्णालयात कोणीच नेमलेले नव्हते. वेदना कमी करण्याचे उपाय पुरेसे झाले होते काय, आईशी कोणी बोलले होते काय, उपचार थांबवणे म्हणजे नेमके काय आणि ते कोणत्या रीतीने, ही सारी मसलत करण्याची जागाच नव्हती.

ती जागा निर्माण होऊ लागली ती त्याच दशकात. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली कॅरन क्विन्लन या बेशुद्धावस्थेतील तरुणीच्या खटल्यात रुग्णालयीन नीतिसमितीचा उल्लेख केला. १९८२ मध्ये जॉन्सन, सीग्लर आणि विन्स्लेड यांनी खाटेजवळच्या नीतिविचाराचे छोटेखानी पाठ्यपुस्तक लिहिले. आणि १९८४ मध्ये सीग्लर यांच्याच नेतृत्वाखाली शिकागो विद्यापीठात मॅक्लीन केंद्र स्थापन होऊन डॉक्टरांना या विषयाचे रीतसर शिक्षण मिळू लागले. रुग्णालयातील मनोविकारचिकित्सा त्याहून वडील. १९३०च्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने अमेरिकेतील सामान्य रुग्णालयांत असे विभाग निघाले, आणि आपल्याकडेही कलकत्त्यास आर. जी. कर महाविद्यालयात १९३३ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी, व मुंबईस जे. जे. रुग्णालयात १९३८ मध्ये डॉ. मसाणी यांनी हे काम आरंभले. अमेरिकेत आज मनोविकारशास्त्राचे चार वर्षांचे शिक्षण संपल्यावर या उपशाखेसाठी आणखी एक वर्ष द्यावे लागते, आणि तिला स्वतंत्र उपशाखेची मान्यता २००३ मध्ये मिळाली. दोन्ही प्रवाह एकाच रुग्णालयाच्या आवारात वाहत राहिले, परंतु त्यांचा संगम घडवण्याची तजवीज फार उशिरा सुचली.

निर्णयक्षमता तपासतात म्हणजे काय करतात, हे सामान्य वाचकाने जाणून घेण्यासारखे आहे, कारण आपल्यापैकी प्रत्येकावर, किंवा आपल्या आईवडिलांवर, ती वेळ येणारी आहे. ॲपलबॉम आणि ग्रिसो या दोघांनी १९८८ मध्ये जी मांडणी केली ती बहुतेक ठिकाणी चालते. रुग्णाला आपली निवड सांगता येते काय. दिलेली माहिती त्याला उमगते काय. ती माहिती आपल्याला स्वतःला लागू आहे हे त्याला पटते काय. आणि निरनिराळे पर्याय तोलून तो कारणासह एका निष्कर्षाप्रत येतो काय. ही चार अंगे पाठ करणे सोपे आहे. वॉर्डात ती शोधून काढणे हे मात्र संभाषणाचे कौशल्य असून ते एखाद्या चांगल्या शिक्षकाच्या मागे उभे राहूनच अंगी बाणते.

मधुमेहाने पाय सडू लागलेला एखादा साठीचा शेतकरी डोळ्यांसमोर आणावा. शस्त्रक्रिया विभागाच्या मते पाय गुडघ्याखाली काढला नाही तर विष अंगभर पसरेल. त्याने दोनदा नकार दिलेला आहे आणि केसपेपरवर 'रुग्ण सहकार्य करीत नाही' अशी नोंद झालेली आहे. मनोविकार विभागाची निवासी डॉक्टर त्याच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसते.

"बाबा, डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय?"

"पाय काढायचा म्हणत्यात, ताई. न्हाई काढला तर मरशील म्हणत्यात."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

"मरंन की. पर पाय गेल्यावर शेतात कोन जाईल? पोरगं म्हणतंय, म्हशी विकून पैसं भरू. म्हशी गेल्या तर घर कशावर चालायचं?"

या चार वाक्यांत समज आहे, स्वतःच्या प्रकृतीचे भान आहे, तोलमापही आहे. विकार कोठेच नाही. ज्या डॉक्टरला केवळ पहिलाच प्रश्न शिकवला आहे ती 'निर्णयक्षम' असा शेरा लिहून उठेल, आणि तो माणूस 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' अशा कागदावर अंगठा देऊन गावी जाईल. जिला दोन्ही प्रश्न एकत्र शिकवले आहेत तिला असे दिसेल की हा नकार शस्त्रक्रियेला नसून कर्जाला आहे. मग ती रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना बोलावील, शासनाच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून खर्च भागेल काय हे विचारील, कृत्रिम पायावर शेतात फिरणाऱ्या एखाद्या जुन्या रुग्णाशी त्याची गाठ घालून देईल, आणि एवढे सगळे होऊनही तो नाही म्हणाला तर त्याचा शब्द शस्त्रक्रिया विभागापुढे त्याच्या बाजूने मांडील. रुग्णाच्या स्वायत्ततेचा आदर म्हणजे त्याला त्याच्या दारिद्र्याबरोबर एकटे सोडणे, असा जो सोयीस्कर समज आपल्या रुग्णालयांत रूढ होऊ पाहत आहे तो मला फार घातक वाटतो.

याच्या नेमकी उलट बाजूही तितकीच शिकावी लागते. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या रात्री सलाइनची सुई उपटून "मला येथून जाऊ द्या" म्हणून ओरडणारा वृद्ध हा आपल्या हक्काचा वापर करीत नसतो. त्याच्या रक्तातील सोडियम उतरलेले असते, किंवा जंतुसंसर्ग झालेला असतो, किंवा अचानक तुटलेल्या दारूमुळे मेंदू खवळलेला असतो, आणि पूर्वी ज्याला वात झाला म्हणत त्या डेलिरियमच्या भोवऱ्यात तो सापडलेला असतो. सकाळी तोच माणूस शांतपणे चहा मागतो आणि तासाभराने पुन्हा भिंतीवर सर्प पाहतो. अशा माणसाचा नकार मानणे म्हणजे त्याला टाकून देणे होय. क्षमता तासातासाला बदलते, म्हणून ती पुनःपुन्हा आणि शक्य तर सकाळच्या स्वच्छ वेळी पाहावी लागते, हे ज्याला ठाऊक नाही त्याचा नीतिविचार कितीही उदात्त असला तरी आंधळा ठरतो. मनोविकारशास्त्राची गरज नीतिशास्त्राला आहे ती येथे.

आणि विकार असला म्हणजे क्षमता गेली, हाही नियम नव्हे. इंग्लंडमधील ब्रॉडमूर या कडेकोट बंदोबस्ताच्या रुग्णालयात स्किझोफ्रेनियाने पीडित असा अडुसष्ट वर्षांचा एक इसम होता. आपण थोर वैद्य आहोत असा त्याचा दृढ भ्रम होता. त्याच्या पायाला गँगरीन झाले, आणि पाय न काढल्यास वाचण्याचा संभव शेकडा १५ एवढाच आहे असे शल्यचिकित्सकाने सांगितले. त्याने नकार दिला, आणि माझ्या लेखी संमतीवाचून पाय काढू नये म्हणून न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्तींनी त्याचे बारकाईने ऐकून घेतले आणि भ्रम असला तरी या एका निर्णयापुरती त्याची समज शाबूत आहे असा निकाल दिला. हा निकाल १९९४ च्या निकालसंग्रहात छापला गेला, आणि तो माणूस पायासकट वाचला. तो वाचला नसता तरी निकाल योग्यच ठरला असता, हे शिक्षकाने विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावयास हवे, नाहीतर शेवट गोड झाला म्हणून तत्त्व खरे, असा भलताच धडा ते घेतील.

आपल्या देशात मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा या बाबतीत मोठ्या पल्ल्याचा कायदा आहे. रुग्णाचा निर्णय इतरांस अयोग्य वा चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्याला क्षमता नाही असे समजू नये, असे तो स्पष्ट शब्दांत बजावतो. आजारापूर्वीच आपल्या उपचारांविषयी लेखी पूर्वनिर्देश करून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी, जुन्या भाषेत मुखत्यार, नेमण्याची मुभा देतो. आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरण्यास फर्मावतो. परंतु हा कायदा मानसिक आजाराच्या उपचारांपुरता आहे. वर सांगितलेल्या शेतकऱ्याच्या पायासाठी तशी स्वतंत्र वैधानिक कसोटी आपल्याकडे नाही. तेथे न्यायालयीन निवाडे, रूढ शिरस्ता आणि खाटेजवळच्या डॉक्टराचा विवेक यांवरच भिस्त आहे. म्हणजे ज्या ठिकाणी कायदा अबोल आहे तेथेच शिक्षणाची गरज अधिक.

मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या बाबतीत हे शिक्षण किती नाजूक असावे लागते ते दिसते. जिवंत दात्याला मनोविकारतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे लागते, आणि दाता स्त्री असेल तर अधिक खबरदारी घ्यावी असे नियमच सांगतात; कारण आपल्याकडे देणारे हात बहुतांशी आईचे, पत्नीचे, बहिणीचे असतात आणि ती 'माझी इच्छा आहे' म्हणते तेव्हा त्या इच्छेत घर किती बोलते आहे हे ओळखणे कठीण असते. नवऱ्यासाठी मूत्रपिंड देण्यास निघालेली सून सासूसमोर एक सांगते आणि दार लावल्यावर, "डॉक्टर, मला नाही द्यायचं, पण मी नाही म्हटलं असं घरी कळू देऊ नका," असे म्हणते. तिला विकार नाही, तिची क्षमताही अबाधित आहे. आता डॉक्टराने 'दाता म्हणून अपात्र' एवढेच मोघम लिहून तिला सोडवावे काय? तसे लिहिणे असत्य आहे काय? पलंगावरच्या नवऱ्याचे काय? यांचे उत्तर मनोविकारशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात नाही. माझ्या मते कारण गुप्त ठेवणे आणि खोटे कारण लिहिणे यांत रेषा ओढता येते आणि ती ओढलीच पाहिजे. परंतु ती कोठे ओढावी हे निवासी डॉक्टराने एकट्याने रात्री अकराला ठरवू नये, अनुभवी लोकांच्या बैठकीत ठरवण्याची त्याला सवय व्हावी.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये जो अत्याचार झाला त्याची हकीकत महाराष्ट्रास नव्याने सांगावयास नको. तिचे अन्न थांबवून तिला मरू द्यावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा न्यायालयाने तिला प्रत्यक्ष पाहण्यासाठी मुंबईतील तीन डॉक्टर नेमले: एक भूल व अतिदक्षतेचे, एक मज्जाविकारांचे आणि तिसरे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या मनोविकार विभागाचे प्रमुख. वाचा आणि बोध हरपलेल्या स्त्रीजवळ मनोविकारतज्ज्ञाचे काय काम, असे कोणास वाटेल. परंतु मन कितपत उरले आहे हे पाहणे आणि त्यावरून तिच्या वतीने कोणी बोलावे हे ठरवणे, ही दोन कामे किती लगटून येतात ते या नेमणुकीतच दिसते. मार्च २०११ च्या निकालात तिच्या वतीने बोलण्याचा मान न्यायालयाने तिची इतकी वर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गाला दिला. पुढे २०१८ मध्ये पूर्वनिर्देशास मान्यता देणारा निकाल आला, आणि २०२३ मध्ये त्याची पद्धती सुलभ झाली. आता उपचार थांबवण्याचा निर्णय रुग्णालयातच दोन वैद्यकीय मंडळांनी घ्यावयाचा आहे. या मंडळांवर बसणारे डॉक्टर तयार कोठे होणार, हा प्रश्न मात्र निकालपत्रांनी सोडवलेला नाही आणि तो त्यांनी सोडवावयाचाही नाही.

वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा समावेश झाला, ही चांगली गोष्ट आहे. तथापि पदवीपूर्व वर्गातील कल्पित प्रसंगावर निबंध लिहिणे निराळे आणि खरोखरीच्या माणसाच्या नकारापुढे बसणे निराळे. आपल्या बहुतेक रुग्णालयांतील नीतिसमित्या औषधांच्या चाचण्या आणि संशोधनाचे प्रस्ताव तपासण्यासाठी आहेत; वॉर्डातल्या पेचप्रसंगाची चिठ्ठी त्यांच्याकडे जात नाही. दुसरीकडे, देशात एक लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता वाट्यास येत नाही, म्हणून प्रत्येक नकाराला तज्ज्ञ धाडण्याची कल्पना व्यवहारात टिकणार नाही.

यातून निघणारी वाट फार खर्चाची नाही. मनोविकार विभागाचा निवासी डॉक्टर जेव्हा इतर वॉर्डांतील रुग्ण पाहण्याच्या नेमणुकीवर असतो तेवढ्या महिन्यांत त्याच्या आठवड्यातील एक राऊंड उपचारनीती जाणणाऱ्या शिक्षकाबरोबर व्हावा, आणि त्या राऊंडला शस्त्रक्रिया व औषध विभागांचे निवासी डॉक्टर, समाजसेवा अधीक्षक आणि त्या वॉर्डाच्या सिस्टर हजर असाव्यात, कारण रुग्ण रात्री काय बोलला हे पुष्कळदा एकट्या सिस्टरलाच माहीत असते. केसपेपरवरील नोंदही दोन भागांत लिहिण्याची शिस्त लागावी: आधी तपासणीत काय आढळले, कोणत्या वेळी आणि रुग्णाच्या कोणत्या शब्दांवरून, मग, त्यापासून स्पष्टपणे अलग, काय करावे असे सुचते आणि का. असे लिहिले म्हणजे शस्त्रक्रिया विभागातील त्या घाईत असलेल्या तरुणालाही हळूहळू कळू लागते की यांतील पहिला भाग पुष्कळदा आपला आपल्यालाच तपासता येतो. निवासी डॉक्टर दर सहा महिन्यांनी बदलतात हा यातील सर्वांत मोठा अडथळा आहे, आणि म्हणून हे काम एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या मर्जीवर न ठेवता पदव्युत्तर परीक्षेच्या नियमांत आणावे, प्रत्यक्ष परीक्षेत एक रुग्ण असा असावा की ज्याच्याविषयी विद्यार्थ्याला दोन्ही प्रश्नांची उत्तरे, वेगवेगळी, द्यावी लागतील.